भाभींचे माग चालू होते

आमच्या गल्लीतल्या भाभींनी त्या दिवशी आपले माग बंद केले नाहीत, म्हणून माझ्या हातातल्या बांगड्या हातातच राहिल्या. हे आधी सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांबद्दल वाईटसाईट लिहिणार आहे, आणि त्या रागात उपकार करणारं माणूस मागं पडायला नको.

भाभी म्हणजे आमच्या दारासमोरच्या कारखान्याच्या मालकीण. इचलकरंजीजवळच्या आमच्या कबनूरात पत्र्याच्या शेडमधल्या चार यंत्रमागांनाही कारखानाच म्हणतात. त्यांचे यजमान फौजेत हवालदार होते. पेन्शनीत आले, माग घातले आणि थोड्याच वर्षांत वारले. तेव्हापासून माग भाभी बघतात. गल्लीत मुसलमानांची घरं मोजकीच, पण भाभी सगळ्या गल्लीच्या भाभी. माझे सासरे त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, तेही भाभीच म्हणतात.

मी इथली नाही. वऱ्हाडातली. गावात शाळा आठवीपर्यंत, पुढची शाळा तालुक्याला, आणि एस.टी. कधी यायची कधी नाही. नववीच्या दिवाळीनंतर गेलेच नाही. नात्यातल्या एकानं फौजीचं स्थळ आणलं, बापानं एवढंच विचारलं की पोरगा दारू पितो का, आणि मी महाराष्ट्राच्या त्या टोकावरून या टोकाला आले. इथं बोलायला तोंड उघडलं की गल्ली हसायची. ‘मले’ म्हटलं की बायका एकमेकींकडं बघायच्या. भाभी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मी लग्न करून आले तवा माझं बी असंच हसत हुते. बस हितं, कांड्या भर.” कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सूत गुंडाळलेली नळी. मी तेव्हापासून त्यांच्याकडं कांड्या भरते.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या गल्लीत मागांचा आवाज कधी थांबत नाही. नवीन होते तेव्हा या खडखडाटानं माझं डोकं उठायचं. आता आवाज थांबला की उठतं. कारण माग दोनच वेळा थांबतात. लाइट गेली तर, नाहीतर गल्लीत कुणी गेलं तर. माणूस गेलं की कुणी सांगायला जात नाही. एक कारखाना बंद होतो, मग शेजारचा, मग समोरचा, आणि ज्याला कळलं नाही त्याला त्या शांततेवरून कळतं.

त्या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं होतं. अतिरेक्यांनी देवाचं नाव घेऊन निःशस्त्र माणसं मारली, मग आपल्या फौजेनं उत्तर दिलं. द्यायलाच हवं होतं. माझा नवरा तिथंच कुठंतरी होता आणि तरीही मी हे म्हणते. ज्यांच्या घरातलं कुणी तिथं नव्हतं त्यांना मात्र फारच प्रश्न पडले होते. कुणी शहरात बसून लिहीत होतं की युद्ध वाईट असतं. जसं काही आम्हाला ते जत्रेसारखं वाटत होतं. आणि कुणी टीव्हीत बसून युद्धच करत होतं.

त्या टीव्हीचं काय सांगू. सासऱ्यांनी सकाळी लावला की तो जेवणालाच थोडा गप्प व्हायचा. बातम्या देणाऱ्या माणसानं फौजेच्या रंगाचं जाकीट घातलेलं. बूट कोरे. मागं खोटे रणगाडे धावतायत, सायरन वाजतोय, आणि हा ओरडतोय की शत्रूचं अमुक शहर पडलं, तमुक बंदर जळालं. सासरे टाळी वाजवायचे. मी म्हटलं, “मामंजी, एवढी शहरं पडली तर हे घरी का येत नाहीत?” म्हातारा चिडला. “तुला काय कळतंय? मोठी माणसं सांगाय लागल्यात.”

आम्हा फौजींच्या बायकांना एक वळण असतं. नवरा कुठं आहे ते विचारायचं नाही. ‘वर आहे’, म्हणजे सीमेकडं, एवढंच. भाजीवाल्यानं विचारलं तरी ‘वर’. माहेरी आईनं विचारलं तरी ‘वर’. माझ्या नवऱ्यानं सुट्टी संपवून जाताना बजावलं होतं, “फोन बंद लागला तर रडत बसू नगंस. बंद हाय म्हंजे काम चालू हाय.” आणि हे टीव्हीवाले? रस्त्यात गाड्यांचा ताफा चाललाय, त्याच्यामागं कॅमेरा घेऊन पळतायत, गावाचं नाव खाली लिहून दाखवतायत. जे मी माझ्या आईपासून लपवलं ते यांनी सगळ्या दुनियेला फुकट दाखवलं. याला देशप्रेम म्हणायचं म्हणे.

त्या दिवशी सकाळी एका वाहिनीवर खाली पट्टी आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजी भागातला जवान शहीद. नाव नाही, गाव नाही. सासरे पट्टीकडं बघत राहिले. पट्टी फिरून आली. पुन्हा फिरून आली. ते उठले आणि देवासमोर जाऊन बसले. मी फोन लावला. बंद. बंद तर तो कितीतरी दिवस होता, पण त्या सकाळी बंद म्हणजे वेगळंच काहीतरी झालं.

आता पुढचं नीट समजून घ्या, कारण अशी चूक आमच्याकडचीच माणसं करू शकतात.

गल्लीच्या कोपऱ्यावर तालीम मंडळ आहे. मंडळाला कुस्तीपेक्षा फ्लेक्सची आवड. वाढदिवसाचं फ्लेक्स, निवडीचं फ्लेक्स, कुणाचा पोरगा पास झाला त्याचं फ्लेक्स. माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हाही लावलं होतं. मंडळानं ती पट्टी वाचली. आपल्या भागातला जवान म्हणजे आपलाच, दुसरा आहे कोण? झालं. बढतीच्या फ्लेक्समधला फोटो काढला, भोवती काळी चौकट आणि खाली मेणबत्ती घातली, आणि अध्यक्षांनी मोबाइलवर स्टेटस ठेवलं. दुसऱ्या गल्लीनं आधी ठेवलं तर काय घ्या! वाहिनीला फोटो हवाच होता. त्यांनी स्टेटसवरून उचलला. मग टीव्हीवर फोटो आला म्हणून मंडळाची खात्री पटली. वाहिनीनं मंडळाचं बघून दाखवलं, मंडळानं वाहिनीचं बघून मानलं, आणि या दोघांच्या मध्ये माझा नवरा मेला.

सासऱ्यांनी देवासमोरून मान वळवून टीव्हीवर मुलाचा फोटो बघितला आणि पुन्हा देवाकडं तोंड केलं. मी तेव्हा चुलीशी होते. फोटो मी बघितलाच नाही. मला कळलं ते मागांवरून.

खालच्या अंगाचा कारखाना थांबला. मला वाटलं, ताण्याच्या सुताचा बीम बदलत असतील. मग कोपऱ्यावरचा थांबला. मग आमच्या शेजारचा. शांतता अशी एकेक पाऊल टाकत आमच्या घरापर्यंत आली आणि दारात थांबली; समोर भाभींचे तेवढे चालू होते. मी पिठाच्या हातांनीच उभी राहिले. वर बघितलं तर बल्ब चालू होता. लाइट गेली नव्हती.

बायका आल्या. दार ओलांडून आत येताना कुणी माझ्याकडं बघेना. एकीनं मला खाली बसवलं, एकीनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढून पाण्यात विझवलं, आणि शेजारच्या म्हातारीनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं धीर द्यायला घेतला. तिचा अंगठा बांगडीवर आला तेव्हा कळलं.

तेवढ्यात भाभी आल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, केसांत सुताचा कापूस. आल्या त्या सरळ म्हातारीच्या हातावर चापट मारली. म्हातारी वयानं मोठी होती, तरी मारली.

“हात काढा! कुणी सांगितलं तुमास्नी?”

“आगं भाभी, टीव्हीवर फोटू आलाय न्हवं.”

“टीव्हीवर काल लाहोर बी आपलं झालं हुतं. जाऊन राहशीला तितं?”

कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी ‘तोंड आवर’ म्हणालं. भाभी कुणाचंच ऐकेनात. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. “पोरी, माझ्याकडं बघ. फौज पट्टी सोडत न्हाई. फौज माणूस पाठवती. वर्दीतला. दारात येऊन, टोपी काढून सांगतो. आला का तसा कोण?”

मी मान हलवली.

“मग न्हाई. आता ऐक. गल्लीनं माग बंद केल्यात, करू देत. माझे चालू ऱ्हातील. वर्दीतला माणूस दारात आला की पयलं बटण मी बंद करीन. तवर न्हाई. तू नुसता आवाज ऐकत बस. आवाज हाय तवर तुझा मालक हाय.”

विझवलेलं लाकूड त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केलं, कोरडं सरपण घातलं, चूल पेटवली, तवा ठेवला. “जित्या माणसाच्या घरात चूल विझवाय लागल्यात,” असं पुटपुटत निघून गेल्या. मग समोरची खट-खट-खट मला ऐकू यायला लागली. सगळी गल्ली मेल्यासारखी गप्प आणि चार माग एकटे बडबडत होते. मी तो आवाज धरून बसले. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. मध्ये एक धागा तुटून एक माग थांबला तर माझा श्वास थांबला. तो चालू झाला तेव्हा घेतला.

दुपारी कॅमेरा आला.

एक पोरसवदा वार्ताहर, हातात माइक. मंडळाचे अध्यक्ष त्याला रस्ता दाखवत पुढं. आधी आमच्या दारात आला. “वहिनी, फक्त एवढंच सांगा, तुमची भावना काय आहे?” माझे डोळे कोरडे होते, हे त्याला आवडलं नाही. त्यानं अध्यक्षांना विचारलं, “या रडत नाहीत का?” माझ्यासमोर विचारलं. जसं नळाला पाणी येत नाही का विचारावं.

मग त्याला माग ऐकू आले.

वळून त्यानं विचारलं, “हे कुणाचं?” कुणीतरी सांगितलं. नाव ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. उपाशी माणसाला ताट दिसावं तसा. तो भाभींच्या शेडसमोर उभा राहिला आणि त्याच आवाजात ओरडायला लागला, जाकीटवाल्यासारखा. “वीरपुत्राच्या गल्लीत शोककळा, सर्व यंत्रमाग बंद, मात्र एका समाजाचा कारखाना अजूनही सुरू! हा कसला दुखवटा? हा कसला देश?” आत जाऊन एक शब्द विचारला असता तर भिंतीवर हवालदारांचा वर्दीतला फोटो दिसला असता, पदकासकट. तो उंबऱ्यापर्यंतही गेला नाही. विचारलं असतं तर बातमी मेली असती.

मला मुसलमानांबद्दल गोड-गोड लिहायचं नाही. आमच्या वऱ्हाडात मी लहानपणी दंगल बघितली आहे, आणि ज्यांनी देवाच्या नावानं गोळ्या घातल्या त्यांना मी ‘भरकटलेली पोरं’ म्हणणार नाही. पण खोटं ते खोटं. हवालदाराच्या बायकोला देश विचारणारा हा कोण? याच्या घरातलं कोण वर आहे?

बातमी तिथल्या तिथं मोबाइलवर फिरली. दिवस उतरायला लागला तेव्हा भाभींच्या शेडसमोर माणसं जमली. सकाळी याच माणसांना माग चालू असल्याचं काही वाटलं नव्हतं. वाहिनीवर बघितल्यावर वाटलं. अध्यक्ष पुढं होते. त्यांच्या मागं टेम्पोतून फ्लेक्सही येऊन पडलं होतं. मध्ये माझा नवरा, भोवती गोल करून मंडळाचे सगळे पदाधिकारी हात जोडून. माझ्या नवऱ्यापेक्षा अध्यक्षांचाच फोटो मोठा.

“भाभी, माग बंद करा की आता. बरं दिसत न्हाई.”

“का?”

“का म्हंजे? पोरगं गेलंय!”

“कुणी सांगितलं?”

“सगळं जग सांगाय लागलंय!”

“जगाला सांगा, भाभीनं न्हाई म्हटलंय.”

मागून एकजण ओरडला, “मेन स्विच कुठाय ह्येंचा? मीच जातो.” दुसरा म्हणाला, “ह्येंचं असंच असतंय.” ‘ह्येंचं’ म्हणजे कुणाचं ते सगळ्यांना कळलं. भाभींनाही कळलं. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, पण आधाराला त्यांना चौकट धरावी लागली. सकाळपासून पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

मला भीती फार वाटते. बँकेत सही करताना वाटते, तिकीट काढताना वाटते, पुरुषांच्या घोळक्यातून जाताना तर पाय उचलत नाही. पण त्या वेळी मला एकच कळत होतं की स्विच पडला तर आवाज थांबेल. आवाज थांबला तर तो माणूस गेला. बाकी देश, धर्म, समाज, काही डोक्यात नव्हतं.

मी घरातून निघाले. बांगड्या हातात, कुंकू कपाळावर. घोळका आपोआप फाटला. विधवेला वाट देतात तशी दिली. मी भाभींच्या काखेखालून आत गेले आणि रोजच्या जागेवर कांडी मशीनशी बसले. रिकामी कांडी लावली. सूत अडकवलं. खटका दाबला. एक भरली, टोपलीत टाकली. दुसरी लावली.



अध्यक्ष दारापर्यंत आले. “वैनी… तुमी हितं…”

मला इथलं बोलणं येतं, पण त्या वेळी माझंच तोंडात आलं. “मले काम करू द्या. माह्या नवऱ्याले काही झालं नाही.”

या वेळी माझ्या ‘मले’वर कुणी हसलं नाही.

मागून सासरे आले. तोपर्यंत ते देवासमोरून हलले नव्हते. त्यांनी काही न बोलता धोटा उचलला आणि भाभींच्या चौथ्या मागावर जाऊन उभे राहिले. जन्मभर मागावरच होते ते. तुटलेला धागा जोडायला वाकले तेव्हा मंडळाची पोरं एकेक करून मागं सरकली. बापच माग चालवतोय म्हटल्यावर स्विच पाडणार कोण?

फोन आला तेव्हा मी कांड्याच भरत होते. खडखडाटात ऐकू येईना, म्हणून मी तो कानाला गच्च दाबला.

“आवाज कसला गं? भाभींच्यात हाईस व्हय?”

नवराच होता. भाभींनी फोन ओढून घेतला. “ए मेल्या,” त्या म्हणाल्या, आणि मग ज्या बाईला मी कधी रडताना बघितलं नव्हतं ती मागांच्या मध्ये मटकन बसली. सासऱ्यांना फोन दिला तर ते सारखं एकच विचारत होते, “जेवलास का? जेवलास का रं?”

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. नंतर सगळं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाला, “आमी एवढी शहरं जिंकली हे बी आमाला कुणी सांगितलं न्हाई. मेलो ते कोण सांगणार?” आणि मग म्हणाला, “फ्लेक्स टाकू नगा. फोटू झकास आलाय. पुढंमागं उपयोगी पडंल.” फौजेतली माणसं असं बोलतात. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

वाहिनीनं माफी मागितली का? दुसऱ्या दिवशी पट्टीत कुठल्यातरी नटीचं लग्न होतं. खरंच कुणी दुसरा जवान गेला होता की नव्हता, तेही त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. गेला असेल तर त्याच्या आईच्या वाट्याची बातमीसुद्धा यांनी चुकीच्या दारात टाकली. मंडळानं मात्र नवीन फ्लेक्स लावलं, ‘वीर जवान सुखरूप’, त्यातही अध्यक्ष मोठे. गल्लीतली माणसं एकेक करून भाभींकडं येऊन चहा पिऊन गेली. आमच्याकडं माफी अशीच मागतात, चुकीचं नाव न काढता, साखर जास्त मागून.

पुढच्या महिन्यात पुण्याहून एक बाई आल्या. चांगल्या शिकलेल्या, खादीची साडी, लहान वही. त्यांना त्या वाहिनीचा राग होता म्हणून मला आधी बऱ्या वाटल्या. मग विचारायला लागल्या. नवरा फौजेत गेला तो गरिबीमुळं ना? मी म्हटलं, नाही. धावण्यात दोनदा मागं पडला, तरी तिसऱ्यांदा गेला. त्याला जायचंच होतं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. मग भाभींकडं वळल्या, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं.

“तुम्हाला या सगळ्यात किती असुरक्षित वाटलं असेल. खरं तर दहशतवादाला धर्म नसतोच, नाही का?”

भाभी कांडी साफ करत होत्या. “त्येंनी आमच्या अल्लाचं नाव घिऊन माणसं मारली का न्हाई?”

बाई गडबडल्या. “म्हणजे… तसं म्हणतात, पण…”

“मारली. मग लिवा की तसं. तुमी झाकलं तर माझ्या अंगाला चिकटतंय ते. माझा नमाज पाच वक्ताचा हाय, माझ्या मालकानं तिरंग्याखाली जिंदगी काढली. मला झाकायला काय झालंय?”

बाई म्हणाल्या, पण हिंदू-मुस्लिम सलोख्याचं हे किती सुंदर प्रतीक आहे, तुमच्या दोघींचा मागापाशी एक फोटो घेऊ का?

“मी प्रतीक न्हाई,” भाभी म्हणाल्या. “मी मागवाली हाय. सरका, पाय अडकंल.”

एकानं भाभींना दुश्मन करून दाखवलं, दुसरी देवी करायला आली. भाभी काय आहेत ते विचारायला दोघांनाही वेळ नव्हता. मी फक्त नववीपर्यंत गेले, पण मला वाटतं, एवढं तर कळायला हवं. माणूस देव मानत असेल, फौज मानत असेल, नवऱ्याच्या वर्दीला इस्त्री करत असेल, तर तो एकतर भडकलेला असतो नाहीतर बिचारा असतो, अशी यांची पक्की समजूत. आमच्यासाठी तिसरा रकानाच नाही यांच्याकडं.

त्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं शेवटी भाभींनी सोनं केलं. पावसाळ्यात शेडचा पत्रा गळतो, तिथं सुताच्या गठ्ठ्यांवर ते उलटं करून घातलंय. नवरा सुट्टीवर आला की मुद्दाम कोपरा उचलून स्वतःकडं बघतो आणि हसतो. मला अजून हसू येत नाही. अजूनही समोरचा माग धाग्यासाठी थांबला की माझा हात थांबतो.

भाभींना हजला जायचं आहे. दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी राहतं, कारण एवढे दिवस माग कुणावर सोडायचे? बंद ठेवले तर गिऱ्हाईक जातं. म्हणून मी आता सासऱ्यांकडून माग शिकते आहे. धागा जोडायला येतो, बीम अजून नीट चढवता येत नाही. सासरे चिडतात, बोटं सोलतात, चालायचंच. कशासाठी शिकते ते भाभींना मी अजून सांगितलेलं नाही. त्या ज्या वर्षी जातील त्या वर्षी, त्या परत येऊन गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरेपर्यंत, हे चार माग मी थांबू देणार नाही. उतरल्या उतरल्या त्यांना आवाज ऐकू यायला हवा.